दारात अडकणारे बाबा जिना कसा चढतात?

प्रश्न थोडक्यात असा: "माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, एसटीतून निवृत्त झालेले चालक. पाच वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. स्वयंपाकघराच्या दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहतात. तेच बाबा घराचा जिना कुणाचा हात न धरता चढतात. चेहऱ्यावर हसू उरलेलं नाही, नातू समोर नाचला तरी नाही. आई म्हणते, मनात असलं की चालतात, एरवी नाटक करतात. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी एक नवी गोळी वाढवली. त्यानंतर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पैसे लावून रम्मी खेळतात. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस! हे आजारामुळे होतंय की त्यांचा स्वभावच बदलला?"

ताई, तुमची शेवटची गोष्ट आधी घेतो, कारण ती पुढे ढकलण्यासारखी नाही. बाबांच्या औषधांच्या चिठ्ठीत प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल हे नाव आहे का ते पाहा. वर्षभरापूर्वीची ती नवी गोळी यांपैकी एक असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना रम्मीबद्दल स्पष्ट सांगा. आडून आडून नको, "बाबा जुगार खेळताहेत आणि पैसे जाताहेत" असंच सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. ती एकदम थांबवली तर जबर अस्वस्थता, घाम, निराशा असा त्रास होऊ शकतो, आणि पार्किन्सन्सची मुख्य औषधं अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं. डोस टप्प्याटप्प्याने कमी करायचा असतो. तोवर बँकेचं ॲप आणि यूपीआय कुणाच्या मोबाइलवर असावं, हे घरात बसून, बाबांना सोबत घेऊन ठरवा. त्यांच्या पाठीमागे नको.

आता मूळ प्रश्न. आजार की स्वभाव? गेली सव्वीस वर्षं मेंदूविकारांचे रुग्ण पाहतोय आणि पार्किन्सन्सच्या जवळजवळ प्रत्येक घरात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, बहुतेक वेळा रुग्णाला बाहेर बसवून, दबक्या आवाजात. माझं म्हणणं असं की तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे दारात अडकणं, हसू हरवणं आणि रम्मी, यांचं मूळ मेंदूतल्या एकाच रसायनात आणि त्याच्या मंडलांत, म्हणजे पेशींच्या जोडलेल्या साखळ्यांत, आहे. ते कसं हे कळलं की आईंचा राग बराच कमी होईल असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या फक्त काही लाख पेशींनी बाबांना हा दिवस दाखवला आहे. मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात, मध्यमेंदूत, दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो. त्याला सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणतात, म्हणजे शब्दशः काळा पदार्थ. तो रंग त्या पेशींतल्या मेलॅनिनसारख्या द्रव्याचा. या पेशी डोपामिन बनवतात, वर म्हटलेलं रसायन ते हेच, आणि लांबवर पोहोचवतात. आकड्याने त्या थोड्या, पण प्रत्येकीचा तंतू पुढे जाऊन इतका फाटे फोडत पसरतो की एकेका पेशीच्या चेतासंधी, म्हणजे दुसऱ्या पेशींशी जुळणाऱ्या जागा, दहा लाखांच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे. पिंपळाचं एकच झाड सगळ्या गावावर सावली धरून आहे, असं काहीसं. इतका मोठा संसार पोसण्याचा ताण हेच या पेशी लवकर थकण्याचं एक कारण असावं, असं मानणारे संशोधक आहेत आणि मलाही ते पटतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यांतल्या साधारण निम्म्या गेलेल्या असतात. म्हणजे निदान पाच वर्षांपूर्वी झालं असलं, तरी सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची.

हे डोपामिन जातं कुठे? मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे गठ्ठे आहेत, तिथे. त्यांचं काम समजावताना मी वेगवेगळी उदाहरणं देत आलो, पण बाबा एसटीचे चालक होते हे वाचलं आणि वाटलं, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. मोठ्या गाडीचा हवेवर चालणारा पार्किंग ब्रेक आठवा. त्या ब्रेकमध्ये जबरदस्त स्प्रिंग असते आणि ती आपोआप चाक आवळून धरते. हवेचा दाब भरला की स्प्रिंग मागे ढकलली जाते आणि चाक मोकळं होतं. म्हणून सकाळी आगारात इंजिन सुरू केल्यावर काटा वर येईपर्यंत थांबावं लागतं. हवा नाही तर गाडी जागची हलत नाही, मग इंजिन कितीही दणकट असो आणि चालक कितीही घाईत असो.

बेसल गँग्लियाचा शेवटचा थांबा असाच काम करतो. तिथल्या पेशी सतत, अगदी आपण स्वस्थ बसलेलो असतानाही, थॅलॅमसला, म्हणजे हालचालींचे संदेश पुढे धाडणाऱ्या केंद्राला, दाबून धरत असतात. हालचाल 'सुरू करणं' म्हणजे खरं तर त्या हालचालीपुरता हा दाब उचलणं. बसमध्ये ब्रेक एकाच वेळी सगळा सुटतो, मेंदूत मात्र हजारो छोटे ब्रेक असतात. पाणी प्यायला हात उचलायचा तर तेवढ्या हालचालीचा ब्रेक सुटायला हवा आणि त्याच क्षणी शेजारच्या नको असलेल्या हालचालींचे ब्रेक आणखी आवळायला हवेत. त्यासाठी दोन वाटा आहेत, एक सोडणारी आणि एक आवळणारी. डोपामिन पहिलीला जोर देतं आणि दुसरीला आवर घालतं. डोपामिन कमी पडलं की सोडणारी वाट दुबळी होते आणि आवळणारी शिरजोर. बाबांना उठावंसं वाटतं, पायांत ताकदही असते, पण हवा भरलेली नसते. इच्छा आणि स्नायू यांच्या मधला दुवाच ढिला झालेला असतो. बघणाऱ्याला तो आळस दिसतो किंवा हट्ट.

मग जिना? आईंच्या संशयाचं मूळ तिथेच आहे आणि तो संशय अगदी स्वाभाविक आहे. जो माणूस जिना चढतो त्याला सपाट फरशीवर चालता येत नाही, हे कुणाला खरं वाटेल?

चालणं ही आपण वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकलेली आणि नंतर पार विसरून गेलेली गोष्ट आहे. विसरून गेलेली म्हणजे लक्ष न देता होणारी. अशा सरावाच्या गोष्टी बेसल गँग्लियाच्या मागच्या भागातून जाणाऱ्या मंडलाकडे सोपवलेल्या असतात, आणि पार्किन्सन्समध्ये डोपामिन सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त आटतं ते नेमकं याच भागातलं. म्हणजे सवयीची वाट बंद पडते. लक्ष देऊन, डोळ्यांसमोर काहीतरी धरून करायच्या कृतींची वाट वेगळी आहे. ती डोळ्यांकडून मेंदूच्या वरच्या-मागच्या पाळीत येते, तिथून हालचालींची आखणी करणाऱ्या बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, जाते आणि तिला लहान मेंदूची साथ असते. ही वाट बाबांमध्ये बऱ्यापैकी शाबूत आहे. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना सांगते, 'पाय इथे ठेव.' सपाट फरशी काहीच सांगत नाही. तिथे पाऊल आतून यावं लागतं, आणि आतूनच ते येत नाही.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या डॉक्टरांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या रुग्णाबद्दल लिहिलं होतं. तो दवाखान्यात चार पावलं टाकताना अडखळून पडत होता, पण त्याला सायकलवर बसवल्यावर त्याने ती व्यवस्थित चालवली, वळवलीसुद्धा. उतरला की पुन्हा पाय चिकटले. त्याची चित्रफीत जगभरच्या न्यूरॉलॉजिस्टांनी पाहिली. त्या माणसाने नाटक केलं असं कुणी म्हणणार नाही. सायकलचं पेडल पायाला फिरण्याची लय बाहेरून देतं, एवढाच फरक.

दारात काय होतं तेही पाहा. चौकट आली की वाट अरुंद दिसते आणि मेंदूला पावलांची मापं नव्याने आखावी लागतात. स्वयंपाकघरात शिरताना बहुतेक वेळा वळायचंही असतं. हातात ताट किंवा पेला असतो. आणि आतून कुणीतरी म्हणतं, "या लवकर, पोळी गार होतेय." चार कामं एकाच वेळी एकाच मंडलाच्या दारात येऊन उभी राहतात आणि सगळंच ठप्प होतं. घाई आणि भीती यांनी हे अडकणं हमखास वाढतं. मागून "चला ना" म्हटलं की पाय आणखी घट्ट होतात, कारण लक्ष देऊन चालायची जी एक वाट उघडी होती, तिच्यातही तुमचा आवाज येऊन बसतो.

इथे एक निरीक्षण सांगतो, माझ्या दवाखान्यातलं. जुन्या घरांतून येणारे काही रुग्ण सांगतात की उंबरा असलेल्या दारात ते कमी अडकतात. उंबरा ओलांडायचा असतो, म्हणून पाऊल उचललं जातं. नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला उंबरा नसतो, नुसती चौकट असते. म्हणजे वाट अरुंद झाल्याचा सगळा त्रास, पण पाय उचलायची खूण मात्र नाही. याचा अर्थ लगेच गवंडी बोलावून उंबरे बसवा असा नाही. पायात अडखळून पडायचा धोका असतो आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं हे पार्किन्सन्सपेक्षाही वाईट. पण उंबऱ्याचं काम एक रंगीत पट्टी करू शकते.

फरशीच्या रंगावर उठून दिसेल अशी चिकटपट्टी घ्या. दाराच्या दोन-तीन पावलं आधीपासून दोन-तीन पावलं पलीकडेपर्यंत, चालायच्या दिशेला आडव्या अशा पाच-सहा पट्ट्या लावा, सव्वा ते दीड फुटाच्या अंतराने. बाबांना सांगा की दाराकडे बघायचं नाही, पट्टी ओलांडायची. ज्यांना दिसणारी खूण लागू पडत नाही त्यांना ऐकू येणारी पडते: "एक-दोन, एक-दोन" असा ठेका, मोबाइलवरचा मेट्रोनोम, किंवा टाळ. माझे एक रुग्ण दरवर्षी दिंडीत चालायचे. आजार वाढल्यावर घरातल्या घरात अडकायचे, पण भजनाच्या ठेक्यावर गावच्या देवळापर्यंत चालत जायचे. त्यांच्या सुनेने शेवटी देवघराशेजारी टाळांची एक जोडी टांगून ठेवली. पाय थांबले की त्या दोन वेळा वाजवायच्या, काही बोलायच्या नाहीत. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालले आहेत. त्यामागचं तत्त्वही हेच, आतून न येणारी लय बाहेरून द्यायची.

आणि अडकलेच तर? हात धरून पुढे ओढू नका, त्याने वरचं अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यांना पूर्ण थांबू द्या. एक श्वास. मग वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर, असं डोलायला सांगा. मग एकच मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गिरकी नको, बस वळवतात तसं मोठ्या वर्तुळात वळायचं. चालताना त्यांच्याशी बोलू नका आणि त्यांच्या हातात काही देऊ नका. हे सगळं न्यूरो-फिजिओथेरपिस्टकडून चार-सहा वेळा प्रत्यक्ष करवून घेतलं तर अंगवळणी पडतं. मला विचाराल तर या टप्प्यावर गोळ्या वाढवण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि आपल्याकडे याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

हसण्याबद्दल. आपल्याला दोन प्रकारांनी हसता येतं. फोटोवाला "स्माइल" म्हणतो तेव्हाचं हसू बाह्यकातून ठरवून येतं. नातवाला पाहून न ठरवता उमटतं ते दुसऱ्या वाटेने येतं, आणि ती वाट बेसल गँग्लियातून जाते. पार्किन्सन्समध्ये दुसरं हसू आधी जातं. पापण्यांची उघडझापही कमी होते, त्यामुळे नजर रोखल्यासारखी, रागावल्यासारखी वाटते. आतला आनंद बहुतेक वेळा तसाच असतो. तो चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही, इतकंच. आवाजाचंही तसंच. ते हळू बोलतात, पण त्यांना स्वतःला वाटतं की आपण नेहमीच्याच आवाजात बोलतोय. म्हणून "नीट बोला ना" यापेक्षा "बाबा, गच्चीवरून हाक मारल्यासारखं बोला" हे जास्त चालतं.

अर्थात आतही कधी कधी खरोखर निरुत्साह येतो. मंडलं फक्त हातापायांची नसतात. बेसल गँग्लियाच्या पुढच्या भागातून जाणारी मंडलं विचार, उत्साह आणि भावना यांची आहेत. तिथे डोपामिनबरोबर सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनंही कमी होतात. म्हणून उदासीनता हा या आजाराचाच भाग असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. बाबा स्वतःहून काहीच सुरू करत नसतील, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर तेही डॉक्टरांना वेगळं सांगा.

रसायनावर उत्साह कसा अवलंबून असतो याचा पहिला धडा जगाला मिळाला, त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लिहून जगापुढे ठेवलं. पुढे त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं जाऊ लागलं. मग लक्षात आलं की ते घेणारे काही रुग्ण मंद, उदास होतात, पार्किन्सन्ससारखे ताठरतात. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. त्यांना लेव्होडोपा, म्हणजे शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचल्यावर काही मिनिटांत ते उठून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. रेसर्पिनने पेशींतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता आणि लेव्होडोपाने तो पुन्हा भरला. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिविच यांना पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी आढळलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडावाटे डोपाचा (लेव्होडोपा ज्यात असते त्या मिश्रणाचा) चढता डोस देऊन रुग्णांना उभं केलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. मी ही गोष्ट घरच्यांना सांगतो ती त्या सशांसाठी. ससा नाटक करत नाही, ससा हट्टी नसतो.

आता पुन्हा रम्मीकडे. डोपामिनच्या पेशी दोन शेजारी गटांत असतात. एक गट हालचालींच्या भागाला डोपामिन पुरवतो, दुसरा बक्षीस, हाव, अपेक्षा यांच्या भागाला. पार्किन्सन्समध्ये पहिला गट जास्त मरतो, दुसरा त्या मानाने टिकून राहतो. गोळीला हा फरक कळत नाही. पहिल्या भागाची तूट भरून निघेल एवढं औषध दिलं की दुसऱ्या भागात ते गरजेपेक्षा जास्त होतं. एकाच पाटाचं पाणी कोरड्या वावराला पुरे करताना शेजारचं ओलं वावर बुडावं, तसं.

या दुसऱ्या भागाचं काम वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं. अनपेक्षित रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात संदेश सोडतात. अपेक्षित थेंब मिळाला नाही तर त्या क्षणभर गप्प होतात. ही चुप्पी म्हणजे हरण्याची टोचणी, आणि तिच्यातूनच आपण शिकतो की पुन्हा असं करू नये. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं डोपामिनच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या डोपामिन ओळखणाऱ्या जागांवर, जाऊन बसतात आणि बसूनच राहतात. त्यामुळे पेशी गप्प झाल्या तरी ग्राहीला ते कळत नाही. जिंकल्याची गोडी लागते, हरल्याची टोचणी मात्र बोथट होते. जुगाराला याहून सोयीची अवस्था नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना अशी एखादी अनावर ओढ लागलेली आढळली, न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांना. जुगार, बेसुमार खरेदी, सतत खाणं, लैंगिक इच्छा वाढणं, असे तिचे प्रकार. शेवटच्या प्रकाराबद्दल घरात कुणी बोलत नाही आणि आई एकट्या सोसत राहतात. तेही विचारून घ्या, त्यांना विश्वासात घेऊन.

गोळी सुरू करतानाच हे घरच्यांना सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. गर्दीच्या ओपीडीत हे राहून जातं, पण ते राहून जाता कामा नये. चांगली गोष्ट ही की औषध कमी केलं किंवा बदललं की बहुतेक रुग्णांत ही ओढ उतरते. बाबांवर ओरडून, मोबाइल हिसकावून ती उतरणार नाही. त्यांना स्वतःलाही आतून लाज वाटत असणार. "बाबा, ही गोळीची करणी आहे, तुमची नाही, आपण डॉक्टरांना सांगू" असं म्हणून बघा. दवाखान्यात हे वाक्य ऐकून रडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

रोजच्या गोळीबद्दल थोडं. बाबा लेव्होडोपा-कार्बिडोपा घेतच असतील. रक्तात लेव्होडोपा जेमतेम दीड तासात निम्मी होते, म्हणून पाच वर्षांनंतर वेळेला फार महत्त्व येतं. 'सकाळ-दुपार-रात्र' नको, घड्याळ लावून. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना तिला प्रथिनांतल्या अमिनो आम्लांशी एकाच दारातून जायची स्पर्धा करावी लागते. भरपूर डाळ, अंडी किंवा मटणाच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी म्हणूनच कधी कधी 'लागत' नाही. जेवणाआधी अर्धा-एक तास घ्या. मळमळ होत असेल तर एखादं बिस्कीट किंवा थोड्या लाह्या चालतील. प्रथिनं तोडू नका, नाहीतर वजन घटेल. बद्धकोष्ठही सांभाळा. पोट हलत नसेल तर गोळी पोटातच पडून राहते. आणि बद्धकोष्ठ ही या आजाराची बाजूची तक्रार नाही. वास न येणं, बद्धकोष्ठ, झोपेत लाथा मारणं-ओरडणं हे बदल अनेकांत हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून असतात. या आजारात मेंदूच्या पेशींत चुकीच्या घडीची प्रथिनं साचतात, आणि आतड्याच्या चेतापेशींतही तीच साचतात. आईंना विचारा, बाबा झोपेत गाडी हाकल्यासारखे हातवारे करायचे का आणि कधीपासून.

चक्कर येते म्हणून कुणी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेरझिन लिहून दिलं तर घेऊ नका, निदान आधी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. ही औषधं डोपामिनचीच वाट अडवतात. हे इतक्या वेळा घडतं की बाबांच्या औषधांच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

खाजकुइलीच्या बियांची भुकटी, म्हणजे कवचबीज, हेही तुम्हाला कुणीतरी सुचवलंच असेल. त्यात तथ्य आहे. त्या बियांतून १९३७ साली भारतातच दामोदरन आणि रामस्वामी यांनी लेव्होडोपा वेगळी काढली होती. पण म्हणूनच ती 'वेगळी, निर्धोक' गोष्ट ठरत नाही. तेच औषध, डोस मात्र अंदाजाने. गोळीच्या जोडीला गुपचूप सुरू केली तर अंग वेडंवाकडं हलणं, भास होणं, आणि हो, जुगाराची ओढही वाढू शकते.

कुणी शस्त्रक्रियेचंही सुचवेल. मेंदूत तार बसवून विशिष्ट केंद्राला विजेचे ठोके देण्याची ही पद्धत फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये पुढे आणली. कंप, ताठरपणा, औषधाचा असर मधेच उतरणं यांवर ती योग्य रुग्णात फार गुणकारी आहे. पण जे अडकणं लेव्होडोपाचा पूर्ण असर असतानाही होतं, ते सहसा तारेनेही सुटत नाही. म्हणून बाबा दारात अडकतात ते गोळी उतरलेली असताना की चढलेली असताना, हे आधी कळायला हवं.

ते कळण्यासाठी एक आठवडा वही ठेवा. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, अडकल्याची वेळ, आणि रात्री किती वाजता मोबाइल खाली ठेवला ती वेळ. दोन व्हिडिओही काढा, एक दारातला, एक जिन्यावरचा, आणि दोन्हींच्या आधी गोळी केव्हा घेतली होती ते तोंडाने बोलून ठेवा. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत हे व्हिडिओ तुमच्या तासाभराच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतील. आईंनाही सोबत न्या. जमलं तर पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटातही त्यांना घेऊन जा. रागावून थकलेल्या दुसऱ्या बायकांशी बोलल्यावर आईंचा जीव हलका होईल.

पट्ट्यांसाठी मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही, त्या आजच लावा. शक्य असेल तर आईंनाच लावू द्या. मग बाबांच्या हातात काही न देता, कुणी काही न बोलता, त्यांना एकदा स्वयंपाकघरात बोलवा आणि आईंना दाराच्या आतल्या बाजूला उभं राहून नुसतं बघू द्या.